कोरडवाहू बर्फ

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला खेटून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ खाली कन्याकुमारीला संपतो आणि वर श्रीनगरला सुरू होतो. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले, तोवर हा सात नंबरचा रस्ता होता आणि त्याचं वरचं टोक वाराणसीला होतं. आता याच रस्त्याने उत्तरेकडे चालत राहिलं की शेवटी श्रीनगर लागतं आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर गुलमर्ग. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि शिवारात पांढरं म्हणजे कापूस. तिकडे जानेवारीत पारा शून्याखाली असतो आणि पांढरं म्हणजे बर्फ. रस्ता मात्र एकच आहे, आणि त्या बर्फावर होणारा सरकारी खर्चही आपल्या सगळ्यांच्याच तिजोरीतून जातो. म्हणून भारतातलं एखादं थंड गाव मोठी हिवाळी क्रीडास्पर्धा भरवू शकेल का, हा प्रश्न आमच्या केळापूर तालुक्यात बसूनही विचारायला हवा.

प्रश्न आज निघतो त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादला मिळालं. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताची खटपट चालू आहे. उन्हाळी खेळांची स्वप्नं एवढी मोठी झाल्यावर हिवाळी खेळांचा विषय ओघाने येतो. जगातला सर्वांत उंच पर्वत दाराशी असताना आपण मागे का, असं लोक तळमळीने विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण हिमालयाकडे बोट दाखवून त्याचं उत्तर मिळत नाही. उंची, उतार, पाणी, रस्ता, खेळाडू आणि गावाची संमती, यांचा एकेक हिशेब मांडावा लागतो.

आजवर काय झालं

आशियाई हिवाळी स्पर्धा १९८६ साली जपानच्या साप्पोरोत सुरू झाली. १९९० ची दुसरी स्पर्धा भारतात व्हायची होती. ते जुळून आलं नाही आणि स्पर्धा पुन्हा साप्पोरोलाच गेली. पुढे हार्बिन, गांगवॉन, आओमोरी, चांगचुन, अस्ताना-अल्माटी अशी एकेकाची पाळी आली. भारताची आलीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिनला झालेल्या स्पर्धेत ३४ देश-प्रदेशांचे संघ उतरले होते. आपलाही संघ होता, पण तो पदकाविना परतला.

जानेवारी २०११ मध्ये एक प्रयत्न झाला. पहिली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा उत्तराखंडने भरवली, रिंकवरचे खेळ डेहराडूनला आणि स्कीइंग औलीला. डेहराडूनच्या महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या आवारात त्यासाठी आंतरराष्ट्रीय मापाची बंदिस्त रिंक उभारली गेली. आठवडाभराची स्पर्धा संपली, रिंकला कुलूप लागलं आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ तसंच राहिलं. दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धाही त्या एका खेपेनंतर पुन्हा भरली नाही.

२०२० पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होऊ लागल्या. आइस हॉकी आणि स्केटिंग लेहला, स्कीइंग गुलमर्गला, अशी त्यांची वाटणी आहे. देशातल्या देशात का होईना, हिवाळी खेळांचं वेळापत्रक लागलं. आज आपल्या हाताशी जो काही अनुभव आहे, त्यातला बराचसा या स्पर्धांनी दिलेला आहे.

थंडी आहे, पण बर्फ कोणता?

मराठीत बर्फाला एकच शब्द पुरतो. गोळ्याच्या गाडीवर किसला जातो तोही बर्फ आणि काश्मीरच्या छपरांवर आभाळातून उतरतो तोही बर्फ. हिवाळी खेळांत मात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्केटिंग, आइस हॉकी, कर्लिंग यांना पाणी गोठवून केलेला टणक, सपाट थर लागतो. स्कीइंगला लागतो आभाळातून पडलेला, उतारावर दाबून बसवलेला बर्फ. आपल्या थंड गावांची ताकद आणि उणीव या फरकातून लगेच कळते.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. थंडी कडाक्याची, पण प्रदेश कोरडा. वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ, म्हणजे आपल्याकडे श्रावणातल्या एखाद्या मुसळधार दिवशी पडतो तेवढा. त्यामुळे लेह गावात स्कीइंगचा उतार मिळणं कठीण, पण पाणी मोकळ्यावर पसरलं की रात्रीत दगडासारखं गोठतं. गुपुक्स तळ्यावर हिवाळ्यात मुलं-मुली आइस हॉकी खेळतात आणि एनडीएस स्टेडियमची रिंकही तिथे आहे. जून २०२५ मध्ये भारताच्या महिला आइस हॉकी संघाने संयुक्त अरब अमिरातीत आशियाई करंडकात कांस्यपदक मिळवलं, त्या संघाचा कणा लडाखच्या मुलींचाच होता. अडचण आहे ती हवेची. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. बाहेरून येणाऱ्या खेळाडूला आधी काही दिवस नुसतं श्वास जुळवण्यात घालवावे लागतात. त्यात हिवाळ्यात खिंडी बंद पडल्या की मुख्य भरवसा विमानावर.

गुलमर्गची गोष्ट उलट आहे. गाव सुमारे २,६५० मीटरवर आणि तिथला गोंडोला, म्हणजे रज्जुमार्ग, अफरवात डोंगरावर चार हजार मीटरच्या जवळ नेऊन सोडतो. ऑलिंपिकच्या पुरुषांच्या डाउनहिल शर्यतीला आरंभापासून शेवटपर्यंत साधारण ८०० ते १,१०० मीटरचा उतार लागतो. गुलमर्गला तेराशेच्या आसपास मिळतो, म्हणजे उताराची चणचण नाही. पण वरचा अर्धा डोंगर हिमस्खलनाचा आहे आणि शर्यतीसाठी लागणारं कुंपण-जाळ्यांचं, सपाटीकरणाचं काम तिथे व्हायचं आहे. औलीचा उतार पाचशे मीटरच्या आसपास. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या वळणावळणाच्या शर्यतींना तो पुरतो, डाउनहिलला नाही.

आणखी एक अडचण क्वचितच कोणी बोलून दाखवतं. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या ऑलिंपिक, विश्वचषक किंवा जागतिक अजिंक्यपद शर्यतींचा मार्ग १,८०० मीटरपेक्षा उंच नसावा, असा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम आहे. दीर्घ पल्ल्याच्या या शर्यतीत खेळाडूच्या छातीवर येणारा ताण हे त्यामागचं कारण. आपली स्कीइंगची गावं या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. खाली उतरावं, तर आपल्या अक्षांशावर अठराशे मीटरवरचा बर्फ टिकण्याची खात्री नाही. वर नियम आडवा येतो आणि खाली ऊन. ही अडचण पैशाने सुटणारी नाही.

कोरडवाहू आणि ओलित

काश्मीर आणि उत्तराखंडात हिवाळ्यात बर्फ आणतात ते पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राकडून निघून, इराण-अफगाणिस्तान ओलांडून ते हिमालयावर आदळतात. यवतमाळच्या शेतकऱ्याला ते अनोळखी नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा सोंगणीला आलेला असताना विदर्भात गारपीट होते, तिच्या मागेही अनेकदा हेच चक्रावात असतात. म्हणजे आपला हरभरा आणि गुलमर्गचा उतार एकाच वाऱ्याच्या मर्जीवर असतात. आपण तो वारा येऊ नये म्हणून हात जोडतो, ते तो यावा म्हणून.

त्या वाऱ्याचा भरवसा कमी होत चालला आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलां’ म्हणतात. थंडीचा आणि बर्फाचा तो हक्काचा काळ. जानेवारी २०२४ मध्ये, त्याच चाळीस दिवसांत, गुलमर्गचे उतार उघडेबोडके होते. २०२५ मध्ये गुलमर्गची खेलो इंडिया स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायची होती. बर्फ नाही म्हणून ती पुढे ढकलली आणि ९ ते १२ मार्चला घेतली. २०२३ मध्ये औलीची राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्दच करावी लागली. देशातली स्पर्धा पंधरा दिवस पुढे सरकवता येते. ऑलिंपिकची तारीख सरकत नाही.

कोरडवाहू शेती म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. पेरणी आपल्या हाती आणि पीक आभाळाच्या. गुलमर्ग-औलीचं स्कीइंग आज जवळजवळ पूर्णपणे कोरडवाहू आहे. जगातली मोठी स्की-गावं केव्हाच ओलितावर गेली, म्हणजे बर्फ बनवू लागली.

हे ओलित कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. उताराच्या कडेने पाण्याचे आणि दाबाच्या हवेचे नळ टाकलेले असतात. यंत्राच्या तोंडातून पाण्याचा बारीक तुषार हवेत उडतो, जमिनीवर पडेपर्यंत गोठतो आणि बर्फाचा कण होऊन उतरतो. त्यासाठी हवा गार तर हवीच, शिवाय कोरडी हवी. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक शून्याखाली दोन-तीन अंश उतरला, तरच काम चांगलं होतं. दमट हवेत पारा शून्यावर असला तरी यंत्र नुसतं पाणी शिंपडत बसतं.

आणि पाणी किती? असा एक घनमीटर बर्फ करायला साधारण ४०० ते ५०० लिटर पाणी जातं. एका एकरावर फूटभर, म्हणजे तीस सेंटीमीटरचा थर घालायचा, तर १,२०० घनमीटर बर्फ लागेल. पाणी झालं पाच ते सहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास-साठ टँकर, आणि तेही एका एकराला, एका थराला. स्कीइंगचे उतार कित्येक एकरांवर पसरलेले असतात आणि उन्हाने थर खाल्ला की पुन्हा घालावा लागतो. औलीला २०११ च्या स्पर्धेच्या सुमारास अशी यंत्रं बसवली गेली होती आणि पाण्यासाठी तलावही करण्यात आला होता. तरीही २०२३ ची स्पर्धा गेलीच. विहीर खोदून भागत नाही. तिला पाणी, पंपाला वीज आणि पाणी फिरवायला माणूस, हे तिन्ही वेळेवर लागतात. ओलिताचा हा नियम बर्फालाही तितकाच लागू आहे.

इतरांचा धडा

थंड देशांनाही बर्फाने दगा दिलेला आहे. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकला बर्फच पडला नाही. ऑस्ट्रियाच्या लष्कराने डोंगरावरून बर्फाच्या हजारो लाद्या आणि हजारो घनमीटर बर्फ वाहून आणून उतार उभे केले. भारताचा पहिला हिवाळी ऑलिंपिक खेळाडू, जेरेमी बुजाकोव्स्की, उतरला तोही याच इन्सब्रुकला. २०१० मध्ये व्हँकूव्हरने सायप्रस डोंगरावर ट्रक आणि हेलिकॉप्टरने बर्फ नेला. २०२२ च्या बीजिंगमध्ये तर जवळजवळ सगळा बर्फ यंत्राचाच होता.

पुढचं चित्र आणखी कठीण आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासाने २०२२ मध्ये सांगितलं की हरितगृह वायूंचं उत्सर्जन असंच चालू राहिलं, तर आधीच्या एकवीस यजमान ठिकाणांपैकी शतकाअखेर भरवशाचं असं एकटं साप्पोरो उरेल. नुसता पैसा ओतूनही भागत नाही, हे सौदी अरेबियाच्या ट्रोजेना या नियोजित स्की-गावाने दाखवलं. २०२९ ची आशियाई हिवाळी स्पर्धा २०२२ मध्ये त्याला देण्यात आली होती, पण तयारी वेळेत होईना, आणि ती स्पर्धा त्याच्या हातून गेली.

गाव लहान असणं ही मात्र अडचण नाही. अमेरिकेतलं लेक प्लॅसिड पांढरकवड्याहून कितीतरी लहान खेडं आहे. त्याने १९३२ आणि १९८० अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक भरवली. नॉर्वेच्या लिलेहामरने १९९४ चं ऑलिंपिक घेतलं आणि २०१६ मध्ये त्याच मैदानांवर युवा ऑलिंपिकही घेतलं. ही गावं तगली, कारण तिथे स्पर्धेच्या आधी पोरंटोरं त्या बर्फावर खेळत होती आणि स्पर्धा गेल्यावरही खेळत राहिली. दुसरीकडे सारायेव्होच्या १९८४ च्या बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या, मार्गावर पुढे झाडोरा माजला आणि प्योंगचांगचं २०१८ चं ३५,००० आसनांचं स्टेडियम स्पर्धेनंतर पाडून टाकलं गेलं.

स्पर्धा दोन ठिकाणी विभागणं हाही कमीपणा राहिलेला नाही. २०११ ची आशियाई स्पर्धा अस्ताना आणि अल्माटी या एकमेकांपासून हजारेक किलोमीटरवरच्या शहरांत झाली. २०२६ चं ऑलिंपिक तर मिलान आणि कोर्तिना या दोन नावांनीच ओळखलं जातं. लेह-गुलमर्ग अशी वाटणी करण्यात म्हणून गैर काही नाही.

गावाला विचारलं का?

१९७२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी १९७६ चं ऑलिंपिक मतदानाने नाकारलं आणि डेनव्हरला मिळालेली स्पर्धा इन्सब्रुकला न्यावी लागली. २०१८ मध्ये कॅल्गरीनेही जनमत घेऊन नको म्हटलं. आपल्याकडे असं मत कोणी विचारत नाही, पण डोंगर स्वतःचं मत सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये औलीच्या पायथ्याच्या जोशीमठमध्ये शेकडो घरांना तडे गेले, माणसं घर सोडून छावणीत गेली आणि औलीला नेणारा रज्जुमार्ग बंद पडला. जिथे घर उभं राहत नाही, तिथे स्टेडियम उभारण्याआधी दहादा विचार करायला हवा.

काश्मीरमध्ये २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेहला राज्याच्या दर्जाच्या आणि राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीच्या मागणीवरून झालेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागलं आणि चार जणांचा जीव गेला. हे मोजल्याशिवाय यजमानपदाचा हिशेब पुरा होत नाही. ज्या गावांच्या छपरांखाली पाहुणे राहणार, त्या गावांचं म्हणणं आधी ऐकायला हवं.

बरं झालेलंही सांगायला हवं. जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झाली. बनिहाल आणि चेनानी-नाशरीचे बोगदे झाल्यापासून आपला हा ४४ नंबरचा रस्ताही पूर्वीइतका हिवाळ्याच्या तावडीत राहिलेला नाही. पोचण्याचा प्रश्न वीस वर्षांपूर्वी होता तेवढा बिकट नाही.

खेळणारी माणसं

मनालीच्या शिव केशवनने १९९८ ते २०१८ अशा सलग सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज हा खेळ खेळला. देशात ल्यूजचा मार्गच नव्हता, म्हणून तो घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांच्या कळपांमधून वाट काढत सराव करायचा. २०१४ मध्ये सोचीला तो भारताच्या झेंड्याखाली उतरूही शकला नाही, कारण आपल्या ऑलिंपिक संघटनेवर तेव्हा आंतरराष्ट्रीय बंदी होती. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गचा आरिफ खान २०२२ मध्ये बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू होता. कर्नाटकातल्या कोडगूची भवानी टी. एन. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये पुढे आली. कॉफीच्या मळ्यांच्या जिल्ह्यातून बर्फावर जाता येतं, हे तिने दाखवून दिलं.

आणि महाराष्ट्र? खेलो इंडियाच्या लेहमधल्या स्पर्धांत आपल्या मुलामुलींनी आइस स्केटिंगची पदकं आणली आहेत. ही मुलं बर्फात वाढलेली नाहीत. पुण्या-मुंबईच्या सिमेंटच्या ट्रॅकवर एका रांगेतल्या चाकांच्या स्केटवर ती तयार होतात. चाकावरचा तोल पात्यावर आणायचा, वळणावर शरीर किती झुकवायचं ते नव्याने शिकायचं आणि लेहला गेल्यावर विरळ हवेत दम सांभाळायचा. त्यांना वर्षभर चालणारी एक रिंक मिळाली, तर ती कुठवर जातील याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो.

ती रिंक देशात आहे. डेहराडूनचं कुलूप अखेर निघालं, २०२५ मध्ये ‘हिमाद्री’ या नावाने रिंक पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग स्पर्धा झाली. ऐन पावसाळ्यात, बाहेर उकाडा असताना, आत परदेशी खेळाडू धावले. चौदा वर्षांपूर्वी बांधलेल्या भिंतींचं तेव्हा कुठे चीज झालं.

मग निकाल काय?

हिवाळी ऑलिंपिक भारतातलं कोणतंही गाव आज भरवू शकत नाही आणि दिसतंय त्या काळात भरवू शकणार नाही. अठराशे मीटरचा नियम, बॉबस्लेसारख्या मार्गांचा अभाव आणि बेभरवशाचा बर्फ, या तिन्ही गोष्टी एकदम आड येतात. त्याची बोली लावण्यात अर्थ नाही.

आशियाई हिवाळी स्पर्धा अशक्य नाही, पण आजही शक्य नाही. त्यासाठी दहाएक वर्षं सलग मेहनत लागेल: गुलमर्गला पाण्याचा आणि पर्यावरणाचा हिशेब करून मोजक्याच उतारांपुरतं बर्फाचं ओलित, हिमस्खलनावर कायमची पाळत आणि दरवर्षी नियमाने आंतरराष्ट्रीय शर्यती. क्रॉस-कंट्रीसाठी दुसऱ्या देशाशी भागीदारी करावी लागली, तर ती करावी.

रिंकवरच्या आशियाई स्पर्धा मात्र आपण आत्ताच भरवू शकतो. डेहराडूनने ते करून दाखवलं आहे आणि लेहकडे त्यासाठी लागणारी थंडीही आहे, खेळाडूही आहेत. पैसा आधी इथे लागला पाहिजे: रिंकच्या विजेच्या बिलाला, प्रशिक्षकाच्या पगाराला आणि लडाख, काश्मीर, महाराष्ट्र, कर्नाटकातून येणाऱ्या मुलांच्या राहण्या-खाण्याला. उद्घाटनाच्या रोषणाईइतकं हे दिसत नाही. पण बियाणं, खत आणि निंदण-डवरणही बाजाराच्या दिवशी कुठे दिसतं? दिसतो तो कापूस.

उद्या कधी वर्तमानपत्रात बातमी आली, की अमुक थंड गावाला मोठी हिवाळी स्पर्धा मिळाली, तर वाचकांनी अभिमान जरूर बाळगावा. त्याबरोबर आपल्या खासदाराला एक प्रश्नही विचारावा: स्पर्धा संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिथे कोणाची मुलं खेळणार आहेत? उत्तरात गावाचं नाव, प्रशिक्षकाचा पगार आणि विजेच्या बिलाची तरतूद आली, तर पाठिंबा द्यावा. नुसतं हिमालयाचं नाव आलं, तर डेहराडूनच्या कुलपाची आठवण करून द्यावी.